१८ ते २००, व्हाया भोसरी

शनिवारी कॅमेरा घेऊन पिंपरी-चिंचवडला जातोय, असं ऑफिसात सांगून बघा. आधी हसतात. मग विचारतात, ‘कुणाचं लग्न आहे का?’ फोटो काढायला माणसं लोणावळ्याला जातात, सिंहगडावर जातात, अगदीच आळस आला तर शनिवारवाड्यावर जातात. पिंपरीला मात्र कामाला जातात आणि चाकणला तर ट्रॅफिकमध्ये अडकायला!

पण चिंचवडच्या घाटावरून निघून निगडी, भोसरी, मोशी करत चाकणला पोचलात, की एका दिवसात तुम्ही गणपतीचं देऊळ, १०७ मीटरचा झेंडा, हाताच्या तळव्याएवढे गिअर, एक नदी, एक भुईकोट किल्ला आणि म्हशींचा बाजार बघून झालेला असतो. सगळं पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत. ‘एकच लेन्स सगळीकडे चालते’ या दाव्याची परीक्षा घ्यायला पुण्याच्या आसपास याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही.

कुठली लेन्स, ते तुम्हाला ठाऊक असेलच. पहिला पगार, पहिला बोनस किंवा पहिली ऑनसाइट ट्रिप झाली, की आपण कॅमेऱ्याच्या दुकानात जातो. काउंटरमागचा माणूस विचारतो, ‘लेन्स सारखी बदलणार का, की एकच लावून ठेवायची?’ आपण म्हणतो, एकच. मग तो १८-२०० काढतो. सुपरझूम. हल्ली १८-३०० किंवा १८-४०० सुद्धा काढतो. या जातीला लोकप्रिय केलं ते टॅमरॉनच्या १९९२ च्या २८-२०० ने. डिजिटलच्या जमान्यात २००५ मध्ये निकॉनची १८-२०० आली आणि प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात तीच दिसायला लागली. २०१७ मध्ये टॅमरॉनने १८-४०० काढली, म्हणजे २२ पट झूम. २०२४ मध्ये निकॉनने फुल फ्रेमसाठी २८-४०० आणली. आकडा वाढतोच आहे. मोबाइल कंपन्यांनी उलटा रस्ता धरला. त्यांनी एका झूमच्या भानगडीत न पडता मागे तीन-तीन फिक्स लेन्स बसवल्या. हा फरक लक्षात ठेवा, भोसरीत कामाला येईल.

तर शनिवार, सकाळी सात. चिंचवडगाव. पवनेच्या काठावर मोरया गोसावींचं समाधी मंदिर. पावसाळ्यात नदी चढली की पाणी थेट देवळात येतं, त्याचे फोटो दरवर्षी पेपरात असतात. बाकीच्या दिवसांत सकाळी इथे छान शांतता असते. घाटाच्या पायऱ्या, ओल्या दगडावरचं ऊन, फुलांच्या पुड्या. लेन्स १८ वर न्या. जवळजवळ ७६ अंशांचा पसारा फ्रेममध्ये मावतो. मागे सरकायला जागा नसलेल्या गल्लीत याचं मोल कळतं.

आता पायऱ्यांची कड नीट बघा. फ्रेमच्या खालच्या काठाला ती किंचित बाक घेते, पिंपासारखी बाहेर फुगते. लेन्स ५० च्या आसपास नेऊन तीच कड पुन्हा टिपा. आता ती आत ओढली जाते, उशीला चिमटा काढल्यासारखी. एकाच लेन्समध्ये दोन उलटे दोष! डिझाइन करणाऱ्याला हे माहीत असतं. १८ ला रेषा सरळ ठेवायला जे करावं लागतं, ते २०० ला अंगाशी येतं. मग तो मधला रस्ता काढतो आणि दोन्हीकडे थोडं थोडं सोसतो. नव्या मिररलेस लेन्सनी तर सरळ सॉफ्टवेअरवर भार टाकलाय. कॅननच्या २०१९ च्या २४-२४० मध्ये २४ ला न सुधारलेली फाइल उघडली, तर कोपरे चक्क काळे दिसतात. कॅमेरा चित्र ताणून ते भरून काढतो. यात फसवणूक आहे असं मला वाटत नाही. भिंगांनी करायचं काम चिपने केलं, की लेन्स लहान आणि स्वस्त होते. फक्त ताणलेल्या कोपऱ्यात बारकावे कमी राहतात. घाटावर फिरणाऱ्याला ते दिसणारही नाही. देवळाच्या कोरीव कामाची नोंद करायला आलेल्याला दिसेल.

चापेकर चौकात एक चहा घ्या आणि निगडीकडे निघा.

भक्ती-शक्ती चौकात शिवाजी महाराज आणि तुकोबांच्या भेटीचं शिल्प आहे. बाजूला २०१८ मध्ये उभारलेला तो उंच झेंडा. झेंडा खालून १८ ला घ्या, मग दुर्गा टेकडी चढा आणि २०० ला आणा. टेकडीवरून शहर सपाट पसरलेलं दिसतं. झाडी, पाण्याच्या टाक्या, कारखान्यांची छपरं, नवे टॉवर. २०० चा कोन जेमतेम ८ अंशांचा. दूरची छपरं एकमेकांवर रचल्यासारखी दिसतात आणि चित्र थोडं दुधाळ येतं. सगळा दोष लेन्सला देऊ नका. मध्ये दोन-तीन किलोमीटर धूर, धूळ आणि तापलेली हवा आहे. लाखभर रुपयांच्या लेन्सलाही तीच हवा मिळते. ‘आपल्याला ४०० हवी’ असं इथे उभं राहून अनेकांना वाटतं. खरं तर अशा ठिकाणी सकाळी लवकर यायला हवं.

आषाढात मात्र हाच चौक सुपरझूमचा स्वर्ग असतो. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी निगडीवरून आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला जाते. खांद्याला खांदा लागलेला, वर पावसाची भुरभुर, समोर रिंगण धरलेली दिंडी आणि तिच्यामागे शंभर फुटांवर डोक्यावर तुळस घेतलेली आजी. या गर्दीत लेन्स काढून दुसरी लावायची म्हणजे सेन्सरवर पाणी आणि चिखल घ्यायचा. जो एका मनगटाच्या वळणात १८ वरून २०० वर जातो, त्यालाच फोटो मिळतो. इथे शार्पनेसच्या गप्पा मारणाऱ्यांनी खुशाल घरी बसावं. एक गोष्ट मात्र आहे. झूम करताना ही नळी दुर्बिणीसारखी बाहेर येते, आत जाते आणि प्रत्येक वेळी हवा ओढते. हवेबरोबर बारीक धूळही येते. लेन्स बदलत नाही म्हणजे धूळ शिरत नाही, असं अजिबात नाही.

भोसरी एमआयडीसीत माझा एक मित्र गाळा चालवतो. दोन सीएनसी, एक जुनी मिलिंग, कोपऱ्यात गणपती, टेबलावर मायक्रोमीटर आणि पारले-जीचा पुडा. बाहेरून जाणाऱ्याला भोसरी म्हणजे पत्र्याची शेड वाटते. मोठ्या गाड्यांच्या पोटात जे छोटे भाग असतात, ते अशाच शेडमधून निघतात. मी त्याच्यासमोर लेन्स ठेवली आणि झूमची रिंग फिरवली. त्याने ती हातात घेऊन तीन-चारदा आत-बाहेर केली, कानाजवळ नेऊन ऐकली आणि म्हणाला, ‘कॅम आहे आत. खाचा तिरक्या कापल्यात. मस्त काम आहे रे!’

आहेच. आत भिंगांचे गट असतात. पुढचा गट प्रकाश गोळा करतो. त्याच्यामागचा मुख्यतः चित्र लहान-मोठं करतो. त्याच्या सरकण्याने फोकस हलतो, म्हणून आणखी एक-दोन गट त्याच वेळी वेगळ्या वेगाने सरकून तो जागेवर आणतात. प्रत्येक गटाची वाट नळीत कापलेल्या वाकड्या खाचेने ठरलेली. निकॉनच्या त्या १८-२०० मध्ये १६ भिंगं १२ गटांत होती. ‘सोळा?’ मित्राने भुवई उचलली. ‘प्रत्येकाचं सेंटर थोडं थोडं हललं तर?’

त्याने नेमकी दुखरी जागा पकडली होती. सोळा भिंगं, प्रत्येकाच्या जाडीत, वक्रतेत आणि बसवण्यात काही मायक्रॉनची सूट. त्यात ही सगळी मंडळी नळीतून इकडून तिकडे पळणार, त्यामुळे बारीक खेळ ठेवावाच लागतो. सुटी बेरजेत धरल्या की फ्रेमची एक बाजू धारदार आणि दुसरी मऊ निघू शकते. म्हणून एकाच मॉडेलच्या दोन लेन्स शेजारी ठेवल्या तर फरक दिसतो. दुकानात घेताना विटांच्या भिंतीचा फोटो काढून चारही कोपरे बघा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या. आणि लेन्स गळ्यात उलटी लटकवून दहा पावलं चाला. खेळ जास्त असेल तर नळी आपल्या वजनाने हळूहळू खाली येते. कुलपाचं बटण त्यासाठीच असतं.

‘मग रिजेक्शन कुठे येतं?’ मित्राचा पुढचा प्रश्न. त्याच्या धंद्यात सगळं शेवटी इथेच येतं.

मी म्हटलं, प्रकाशात. हिशोब सोपा आहे. २०० ला लेन्सचा आकडा एफ/५.६ आहे, म्हणजे प्रकाशाला आत यायला २०० भागिले ५.६, साधारण ३६ मिलिमीटरची वाट. त्याच २०० ला एफ/२.८ हवा असेल तर ७१ मिलिमीटरची वाट लागते. मग पुढचं भिंग तेवढं रुंद, त्याच्या मागचे गट तेवढे जाड. ७०-२०० एफ/२.८ लेन्स दीड किलोच्या आसपास भरते, आणि तिचं झूम तिप्पटही नसतं. १८-२०० अर्ध्या किलोच्या जरा वर. १८-४०० शेवटी एफ/६.३ वर येते, निकॉनची २८-४०० तर एफ/८ वर. एफ/२.८ च्या तुलनेत एफ/८ ला आठपट कमी प्रकाश मिळतो. टप्पा, वजन, उजेड आणि किंमत या चौघांपैकी सगळे एकदम खूश होत नाहीत. डिझायनरने टप्पा मागितलेल्या गिऱ्हाईकाला उजेडाच्या खिशातून पैसे काढून दिलेत.

मित्राने कपाटातून एक फिक्स्चर काढलं. एकाच जॉबसाठी बनवलेलं, दुसरं काहीही त्यात बसत नाही. ‘हे माझं फिक्स लेन्स,’ म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. गाड्यांच्या लाइनवर भाग तपासायला जे कॅमेरे लावतात, त्यांनाही सहसा फिक्स लेन्स असते. मोजमाप करायचं तर टेलिसेंट्रिक, म्हणजे वस्तू थोडी पुढे-मागे झाली तरी तिचा आकार तोच दाखवणारी. झूम हलला की मापाची पट्टीच बदलते, पुन्हा कॅलिब्रेशन करा. कारखान्याला माहीत असतं की उद्याही तोच भाग, तेवढ्याच अंतरावर येणार आहे. आपल्याला वळणापलीकडे काय आहे तेच माहीत नसतं.

सगळी कामं करणाऱ्या यंत्राला नावं ठेवायची फॅशन आहे, मला ती पटत नाही. याच पट्ट्यातल्या टेल्कोने १९९४ मध्ये सुमो आणली. सुमंत मुळगावकरांच्या नावातली पहिली अक्षरं घेऊन तिचं नाव ठेवलेलं. ती गाडी ना धड जीप, ना धड कार. पण वऱ्हाड, पेशंट, शाळेची पोरं, कांद्याची पोती, सगळं तिनेच वाहिलं. कुणी तिच्याकडून शर्यत जिंकण्याची अपेक्षा केली नाही, एवढंच.

मोशीला इंद्रायणी ओलांडताना थोडं थांबा. पुलावर नको, बाजूला उतरून. पाणी कधी शांत हिरवं असतं, कधी त्यावर पांढरा फेस तरंगतो. हीच नदी पुढे आळंदीला जाते. फेसाचा क्लोजअप २०० ला सुंदर येतो. इतका सुंदर की बर्फ वाटावा. म्हणून मी तो १८ ला घेतो, मागे नदी आणि इमारती दिसतील असा.

चाकण आलं. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये इथे सुरू झाला, मर्सिडीज, महिंद्रा, बजाज आहेतच. पण चाकणचा मोठा प्रसंग १६६० चा. शाइस्ताखानाच्या प्रचंड फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्यांनी संग्रामदुर्ग जवळजवळ दोन महिने झुंजवला. शेवटी मोगलांनी सुरुंग लावून बुरूज उडवला, तेव्हा किल्ला पडला. आज तटबंदीचे तुकडे, खंदकाच्या खुणा आणि भोवती घरं. इथे २०० चा काही उपयोग नाही. तट आणि त्याला टेकलेली घरं एकत्र दिसायला हवीत, त्यामुळे पुन्हा १८.

शनिवार निवडला तो बाजारासाठी. चाकणचा कांदा प्रसिद्ध आहेच, शनिवारी जनावरांचाही बाजार भरतो. बैल, म्हशी, शेळ्या-मेंढ्या, धूळ, दोरखंड, घुंगरं. जनावरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरवायची जुनी रीत आहे. दोन माणसं एकमेकांचा हात झाकून बोटं दाबतात, तोंडं मात्र निर्विकार. आहाहा, २०० चं लांब टोक यासाठीच बनवलंय असं वाटतं. लांबून चेहरा जवळ येतो, त्यांना कळतसुद्धा नाही.

हे ‘कळत नाही’ प्रकरण मला खटकतं. ज्या सौद्याचा भाव लोकांपासून लपवायला वरती उपरणं टाकलंय, तो आपण लांबून चोरून बघतोय. सुपरझूमच्या तोट्यांच्या यादीत हे कुणी लिहीत नाही. टप्पा हातात आला की पाय चालत नाहीत आणि तोंड उघडत नाही. ‘काका, एक फोटो काढू का?’ म्हटलं तर चारांतले तीन हो म्हणतात, चौथा म्हैस विकायला बघतो. मग ३५ वर लेन्स ठेवून त्यांच्यातच उभं राहायचं. धूळ, शिंगं आणि उपरणं सगळं जवळून येतं आणि काकांची नजर कॅमेऱ्याकडे असते. लांब टोक मी बैलांसाठी राखून ठेवतो.

दुपारी तळेगाव रस्त्यावर ट्रेलरांची रांग लागते. तिथे तेच लांब टोक पुन्हा झकास. रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागा बघा, एफ/८, २००. दूरवरचे वीस ट्रक एकमेकांना चिकटून उभे असल्यासारखे येतात. खरं तर हा परिणाम लेन्सचा नाही, आपण लांब उभे असतो त्याचा. लेन्स फक्त त्यातला हवा तो तुकडा कापून देते. थोडं बंद केलं की चित्र आवळतं, पण फार नको. एफ/११ च्या पुढे प्रकाशाच्या विवर्तनाने पुन्हा मऊपणा येतो. एफ/६.३ ला सुरू होणाऱ्या लेन्सला म्हणजे हालचालीला जागाच किती उरली बघा. (गेटच्या आत, सिक्युरिटीकडे कॅमेरा रोखू नका. परतीला देहूरोडचा लष्करी भाग लागला की कॅमेरा बॅगेत.)

संध्याकाळ. शिफ्ट सुटते. कंपनीच्या बसेस, मोटारसायकली, चालत निघालेली कंत्राटी पोरं. खांद्याला सॅक, हातात डबा, कानात इअरफोन. विदर्भ, मराठवाडा, बिहार, ओडिशा, सगळीकडची. दिवसभरातला सर्वात चांगला फोटो इथे आहे आणि इथेच सुपरझूम हात टेकते. ३५ ला ती एफ/४ च्या पुढे गेलेली असते. आयएसओ ३२०० ठेवूनही शटर १/३० वर येतं. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात स्थिर करतं, चालणारा माणूस नाही. मागची भिंत लख्ख आणि माणसं पुसट. त्याच जागी बॅगेतून छोटी ३५ एफ/१.८ काढली, की पाचपट प्रकाश, शटर १/१६० च्या आसपास आणि पोरांचे चेहरे चेहऱ्यांसारखे दिसतात. वजन सुमारे दोनशे ग्रॅम आणि लेन्सच्या दुनियेत स्वस्तातली.

म्हणून कुणी विचारलं तर मी सांगतो, १८-४०० च्या २२ पटीला भुलू नका. १८-१४० किंवा १८-२०० घ्या आणि वाचलेल्या पैशांत एक ३५. दिवसा पहिली काढू नका, दिवे लागले की दुसरी लावा. पक्ष्यांचं वेड असेल तर गोष्ट वेगळी, पण मग तुम्हाला मुळात सुपरझूमच नको आहे.

टपरीवर वडापाव खात तीन पोरं उभी होती. विचारून फोटो काढला, स्क्रीनवर दाखवला. एकाने तो दोन बोटांनी मोठा करायचा प्रयत्न केला, जुन्या कॅमेऱ्याला टचस्क्रीन नसतो ते मी सांगितलं. ‘दादा, व्हॉट्सअ‍ॅपला टाका ना,’ तो म्हणाला, ‘मागे कंपनीचं नाव दिसतंय ना, तोच टाका. घरी दाखवायचाय.’